तपासणीसाठी बंद

तपासनिसांच्या डोक्यात रोलर कोस्टरचं खूळ शिरलं ते दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, आणि तेही तोंड उघडं असताना. तोंड मिटलेलं असतं तर त्यांनी सवयीप्रमाणे दोन-चार हरकती घेतल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता. पण तोंडात आरसा, कापूस आणि डॉक्टरांची बोटं असताना माणूस हरकत घेऊ शकत नाही, फक्त समोर बघू शकतो. समोर भिंतीवर डॉक्टरांचा कौटुंबिक फोटो होता.

फोटोत डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि त्यांची दोन मुलं एका रांगेत बसली होती. छातीवर जाड दांडा, केस मागे उडालेले, चौघांचीही तोंडं पार पडजिभेपर्यंत उघडी. दातांच्या डॉक्टरांच्या घरच्यांनी एवढं तोंड उघडावं यात नवल नाही, पण तपासनिसांचं लक्ष दातांकडे नव्हतं. चौघं एकाच वेळी, एकाच गोष्टीला घाबरली होती आणि घाबरून एकमेकांना धरून बसली होती. ते बघता बघता तपासनिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी यंत्र थांबवून विचारलं, "दुखतंय का?" तपासनिसांनी मानेनेच हो म्हटलं. डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

दुखत होतं ते दुसरंच. तपासनिसांची एकुलती एक मुलगी, जिला घरात सगळे ठकी म्हणत, समुद्रापलीकडच्या एका रुग्णालयात नोकरीला निघाली होती. लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं आणि त्यांना कानाची यंत्रं बसवून द्यायची, हे तिचं काम. तिकीट आलं होतं, नव्या बॅगा आल्या होत्या, बॅगांचं वजन करायचा काटासुद्धा आला होता. घरात सगळे आनंदात होते, निदान तसं वागत तरी होते. तपासनीस सगळ्यांत जास्त आनंदात होते. भेटेल त्याला ते ही बातमी सांगत आणि सांगून झालं की जिन्याच्या वळणावर उगाच थांबून कठड्याचे स्क्रू चाचपत. ठकीने जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि तसं म्हणायची त्यांची छाती नव्हती. मुलीच्या पायात पाय घालणारा बाप म्हणून मिरवायची कोणाला हौस असते? तेव्हा जाण्याआधी निदान एकदा तिच्याशेजारी, एका दांड्यामागे बसून, तिचा हात धरून बोंबलायला मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

इथे तपासनिसांच्या नोकरीविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या नोकरीतूनच निघाला. ते सरकारी लिफ्ट तपासनीस होते. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट चालायच्या की नाही ते त्यांच्या सहीवर ठरायचं. या कामात माणूस घडतो म्हणतात, तपासनीस जरा जास्तच घडले होते. कुठलाही माणूस त्यांना सरासरी अडुसष्ट किलोचा दिसे, कारण लिफ्टच्या पाटीवर माणूस तेवढ्याचा धरतात. बायकोला एकदा त्यांनी हे कौतुकाने सांगितलं, तर ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. स्वतः राहत त्या इमारतीची लिफ्टही त्यांनी दारातल्या एका दोषासाठी बंद पाडली होती. तिच्या दारावर 'तपासणीसाठी बंद' ही पाटी इतके महिने होती, की नवीन भाडेकरूंना ते इमारतीचं नाव वाटे. शेजारी त्यांच्यावर खार खाऊन होते, पण तपासनीस जिना चढताना मान ताठ ठेवत. नियम म्हणजे नियम.

आणि फोनची सवय. नोकरीतली सगळी वर्षं ते एकाच वाक्याने फोनवर बोलायला सुरुवात करत आले होते : "तपासणी कार्यालयातून बोलतोय." मेहुणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतानाही हेच. ती बिचारी हसून म्हणे, "बोला भाऊजी, काय चुकलं आमचं?"

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी घरात बेत जाहीर केला. आपली गाडी काढायची, चौघांनी जायचं, मोठ्या रस्त्याला लागून डॉक्टरांच्या फोटोतल्या त्या करमणुकीच्या बागेत पोचायचं आणि रोलर कोस्टरमध्ये बसायचं. 

बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला सरकत्या जिन्यावर चक्कर येते."

"सरकत्या जिन्याचा विषय वेगळा," तपासनीस म्हणाले. "तो आमच्या खात्याकडे अलीकडे आलाय."

"आणि आईंना कुठे बसवणार त्यात?"

आई, म्हणजे तपासनिसांची आई, कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा पीत होती. तिला बरंच कमी ऐकू यायचं. नातीने तिला कानाचं उत्तम यंत्र आणून दिलं होतं, ते ती पर्समध्ये डबीत जपून ठेवी. आत्तापासून वापरून झिजवायचं कशाला, ठकी घरात आहे तोवर ती मोठ्याने बोलतेच, पुढे लागेल तेव्हा काढू, असा तिचा हिशेब होता. तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जायचं तर लवकर निघा. मी तयार आहे."

ठकी बॅगेत स्वेटर कोंबत होती. तिने वर पाहिलं. "जाऊ या बाबा," ती म्हणाली. एवढ्या पटकन म्हणाली की तपासनिसांना वाईट वाटलं. तिने थोडी कुरकूर करायला हवी होती. एकदा जायचं ठरलं की माणूस सगळ्याला हो म्हणत सुटतं, हे त्यांच्या लक्षात येऊ लागलं होतं.

बेत इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. इमारतीतच दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं, की आजींची कवळी आधीच काढून ठेवा, त्या वेगात ती पुढच्या रांगेत जाते आणि परत मिळाली तरी ओळखू येत नाही. सगळ्यांत वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोलाचे सर तर खास जिना उतरून आले. लिफ्ट बंद असल्यामुळे ते धापा टाकत आले आणि त्या धापेतही लिफ्टचा उल्लेख करायला विसरले नाहीत. 

"मोठ्या रस्त्याने जाणार? मोठ्या रस्त्याने ट्रक जातात," सर म्हणाले. "जुना रस्ता धरा. नदीच्या कडेकडेने जातो. मी शाळेच्या सहली त्याच रस्त्याने नेल्या."

"तो अजून आहे का, सर?"

"रस्ता कुठे जाणार?" सरांनी विचारलं. भूगोलापुढे बोलणं बरं नव्हे म्हणून तपासनिसांनी जुना रस्ता मान्य केला.

रजेचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. कार्यालयात रजेची कारणं ठरलेली होती : आजारपण, लग्न, मृत्यू आणि घरदुरुस्ती. तपासनिसांनी खरं कारण लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं.

"हे काय लिहिलंय? रोलर कोस्टर?"

"हो साहेब. मुलीबरोबर बसायचंय."

"कामासाठी?"

"नाही. असंच."

साहेबांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. 'असंच' या कारणाखाली रजा मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. "तुम्ही असं करा," ते शेवटी दबक्या आवाजात म्हणाले, "घरदुरुस्ती लिहा." तपासनीस खोटं लिहायला तयार होईनात. घर ठीक आहे, म्हणाले, घरातलं माणूस चाललंय. साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि सही केली. त्यांची दोन्ही मुलं कधीच बाहेर गेली होती.

निघायच्या आधी तपासनिसांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाच्या स्वप्नातही आली नसती. ज्या यंत्रात मुलीला बसवायचं त्याची चौकशी करायला नको? त्यांनी बागेत फोन लावला. 

"तपासणी कार्यालयातून बोलतोय. तुमच्या रोलर कोस्टरची पूर्ण भार टाकून चाचणी शेवटची कधी घेतली?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग कोणीतरी घाईघाईने सांगितलं, "बघून सांगतो साहेब."

"बघून ठेवा. आम्ही येतोच आहोत," तपासनीस म्हणाले, कोणत्या दिवशी तेही सांगून टाकलं आणि आपण किती काळजी घेतो या विचाराने समाधानाने फोन ठेवला.

गाडी निघाली. कोणी कुठे बसायचं ते तपासनिसांनी वजनाचा समतोल साधून आखलं होतं, पण बायकोने अडुसष्टची आठवण करून दिल्यावर ज्याला जिथे बसायचं तिथे तो बसला. ठकी मागे, आजीच्या शेजारी. थोड्याच वेळात आजीचं डोकं ठकीच्या खांद्यावर आणि ठकीचं डोकं खिडकीला लागलं आणि दोघी झोपल्या. तपासनिसांनी वरचा आरसा हळूच खाली वळवला. त्यात ठकीचा चेहरा दिसत होता. तोंड जरासं उघडं, कपाळावर केस. लहानपणी झोपायची तशीच झोपली होती. तपासनीस गाडी चालवत होते आणि आरशात बघत होते, त्यामुळे रस्त्यातला एकही खड्डा त्यांनी चुकवला नाही. मागचा ट्रक केव्हापासून भोंगा वाजवत होता तेही त्यांना कळलं नाही. शहराच्या वेशीवरच्या वाहतूक पोलिसाने मात्र त्यांना थांबवलं.

"ट्रकवाला बोंबलतोय, ऐकू येत नाही?" पोलिसाने खिडकीतून डोकं आत घातलं. "आरसा कशासाठी असतो?"

"मागचं बघायला."

"मग?"

"मागचंच बघत होतो," तपासनीस म्हणाले.

पोलिसाने आरशाकडे पाहिलं, मागच्या सीटकडे पाहिलं आणि स्वतःच हात घालून आरसा सरळ केला.  थोडं पुढे गेल्यावर बायकोने तिच्या बाजूच्या सावलीपट्टीचा छोटा आरसा उघडला आणि टिकली नीट करत असल्यासारखा बराच वेळ उघडा ठेवला.

सरांचा जुना रस्ता नदीपर्यंत व्यवस्थित गेला आणि तिथे नदीतच उतरला. सरांच्या सहलींनंतर केव्हातरी धरण झालं होतं आणि रस्ता पाण्याखाली पुढे चालू होता, असं तिथल्या एका मासे पकडणाऱ्या माणसाने सांगितलं. गाडी वळवताना मागचं चाक चिखलात रुतलं. उतरून ढकलताना तपासनिसांची नवी पँट गुडघ्यापर्यंत गेली, ठकीची चप्पल गेली आणि बायकोचा संयम गेला. आजी काठावरच्या दगडावर बसून म्हणाली, "छान आहे जागा. हेच का ते?" ठकी इतकी हसली की चिखलातच बसली. तपासनीसही हसले आणि हसता हसता थांबले. कारण हे असलं हसणं आता टेलिफोनवरून येणार, अर्ध्या वाक्यात तुटणार आणि मग कोणीतरी "आवाज येतोय का?" विचारणार. तोंड धुवायचं निमित्त करून ते पाण्याच्या कडेला गेले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तोंड धूत राहिले.

मुक्काम करून, मोठ्या रस्त्याला लागून, शेवटी ते बागेत पोचले. दुरूनच रोलर कोस्टरचा लोखंडी डोंगर दिसायला लागला तेव्हा बायकोने डोळे मिटले आणि तपासनिसांनी सांधे मोजायला सुरुवात केली. फाटकापाशी सूट घातलेला एक घामाघूम माणूस पुष्पगुच्छ घेऊन उभा होता.

"तपासणी कार्यालय?" त्याने विचारलं.

"हो," तपासनीस म्हणाले. एवढ्या वर्षांची सवय.

तो बागेचा मॅनेजर होता. त्याने गुच्छ दिला, आजींसाठी खुर्ची मागवली आणि सगळ्यांना थेट रोलर कोस्टरपाशी नेलं. तिथे दोर बांधला होता, दोराअलीकडे लोकांची ही भलीमोठी रांग उभी होती आणि दोराला ओळखीची पाटी लटकत होती : 'तपासणीसाठी बंद'. लोक पाटीकडे आणि मग तपासनिसांकडे बघत होते. ती नजर त्यांना ओळखीची होती. आपल्या इमारतीच्या जिन्यात ती रोज भेटायची.

"बंद का?" तपासनिसांनी विचारलं.

"तुमच्यासाठी, साहेब. तुमचा फोन आल्यापासून सगळी तयारी करून ठेवलीय. गाणीसुद्धा बंद केलीत, यंत्राचा आवाज तुम्हाला नीट ऐकू यावा म्हणून."

तपासनिसांच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला आणि त्यांचे कान तापले. "अहो, मी खासगी आलोय. सुट्टीवर. कुटुंब बरोबर आहे."

मॅनेजरने डोळे मिचकावले. "समजलं साहेब. अचानक तपासणी. कुटुंबासकट आलात म्हणजे कोणाला संशय नको. आजी तर फारच छान."

"तसं नाहीये."

"नाहीच आहे, साहेब."

जितकं नाही म्हणावं तितका मॅनेजरचा विश्वास पक्का होत होता. बायकोने कोपराने ढोसलं. तेवढ्यात गाडी फलाटाला लागली आणि तपासनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या रांगेतल्या एका जागेवाचून सगळ्या जागा भरलेल्या होत्या. प्रत्येक सीटवर वाळूचं एकेक पोतं, पट्टा लावून, दांडा खाली ओढून, शिस्तीत बसवलं होतं.

"पूर्ण भार," गाडी चालवणारा मिस्त्री अभिमानाने म्हणाला. "फोनवर तुम्हीच विचारलं होतंत ना. ही एक जागा तुमची."

तपासनिसांनी शेजारच्या सीटवरच्या पोत्याकडे पाहिलं. ती जागा ठकीची होती. एवढा रस्ता त्यांनी त्या एका जागेसाठी तुडवला होता. "इथे माझ्या मुलीला बसू दे," ते म्हणाले.

मिस्त्रीने हात जोडले. "साहेब, चाचणीच्या फेरीला पब्लिक चढवता येत नाही. नियम मी तुम्हाला सांगायचा का?"

नियम बरोबर होता. चाचणीच्या वेळी लिफ्टमध्ये मेव्हण्याला घेतलं म्हणून एका कंत्राटदाराची तपासनिसांनीच झाडाझडती घेतली होती. आता दोन वाटा होत्या. सगळ्या रांगेसमोर ओरडून सांगायचं की मी कोणी नाही, किंवा गुपचूप बसायचं. मागे रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बसा की हो साहेब, आमची पोरं ताटकळलीत." तपासनीस बसले. आपण आजवर कशालाही घाबरलो नाही असा चेहरा करून बसले. मिस्त्रीने दांडा खाली ओढला आणि गाडी निघाली.

खडखड करत ती चढाला लागली. आकाशाखेरीज समोर काही नव्हतं. तपासनिसांनी सवयीने साखळीचा आवाज ऐकला, साखळी उत्तम होती. मग त्यांनी खाली पाहिलं. खाली दोरापाशी ठकी उभी होती आणि हात हलवत होती. चढ वाढत होता तशी ती लहान होत चालली होती. विमानतळावर हे असंच होणार, त्यांच्या मनात आलं, फक्त वर जाणारी ती असेल. शेजारी पोतं. त्याला हात नव्हता, मनगट नव्हतं. घाबरून धरायला काही तरी हवं म्हणून तपासनिसांनी पोत्याची शिवण धरली. आजवर गिळलेलं सगळं त्यांच्या घशाशी आलं. घरी चहाच्या वेळी गिळलेलं, जिन्यात, कार्यालयात, नदीकाठी. इथे ऐकायला होतं कोण? सगळी वाळूच तर होती. गाडी शेंड्यावर पोचली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि तपासनीस जिवाच्या आकांताने ओरडले :

"ठके, जाऊ नकोस!"

मग गाडी कोसळली आणि पुढचं त्यांना फारसं कळलं नाही.

फलाटावर गाडी थांबली तेव्हा बागेत चिडीचूप होतं. रोज तिथे शेकडो लोकांचा कालवा असतो आणि वर गाणी, त्यात वरून कोणी काय बोंबलतं ते देवालाही कळत नाही. पण आज तपासनिसांच्या मानासाठी सगळं बंद ठेवलं होतं. वरचा शब्द न् शब्द रांगेच्या शेवटच्या टोकापर्यंत स्वच्छ पोचला होता.

आजीने पर्स उघडून डबी काढली आणि सगळ्यांना दाखवली. "मला ऐकू आलं," ती म्हणाली. "यंत्र इथे आहे."

बायकोने पदर डोळ्यांना लावला होता. तपासनिसांना दांडा वर घ्यायचंही सुचेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. रांगेतल्या पहिल्या क्रमांकाच्या एका धष्टपुष्ट बाईंनी दोरावरून वाकून ठकीला विचारलं, "तूच का गं ठकी? कुठे चाललीस?"

"नोकरीला," ठकी कशीबशी म्हणाली.

"मग जाऊ द्या की हो तिला," बाई तपासनिसांना म्हणाल्या.

"का म्हणून?" त्यांच्या मागचे टोपीवाले गृहस्थ म्हणाले. "इथे काय नोकऱ्या नाहीत? एकच मुलगी दिसतेय."

"आमची गेली ती आता घरातल्यापेक्षा जास्त बोलते," आणखी कोणी म्हणालं.

"बोलते हो. पण दिसत नाही."

बघता बघता रांगेचे दोन तट पडले. ज्या माणसाने त्यांचा दिवस वाया घालवला होता, त्याच्या मुलीने जावं की राहावं यावर लोक हिरिरीने भांडायला लागले. मॅनेजर गोंधळून एकदा रांगेकडे आणि एकदा साहेबांकडे बघत होता. साहेबांचं काही बिनसलंय, म्हणजे शेरा वाईट येणार, एवढंच त्याला कळत होतं.

तपासनीस सीटवरच उठून उभे राहिले, निदान दांडा जेवढं राहू देतो तेवढे. अब्रू गेलीच होती, आता लपवायला उरलं काय? "ऐका," ते मॅनेजरला म्हणाले, "मी लिफ्टचा माणूस आहे. माझ्या कार्यालयाचा तुमच्या या गाडीशी काडीचा संबंध नाही. मी मुलीबरोबर बसायला आलोय. फोनवर तसं बोलायची मला सवय आहे, ती वाईट आहे, माफ करा. सकाळी गाडीची तपासणी झालीय का?"

"मीच केलीय," मिस्त्री म्हणाला. "रोज करतो."

"मग माझ्यासाठी का थांबवलीत? चालू करा."

मॅनेजरचा चेहरा उतरला, मग चढला, मग हलका झाला. त्याने आधी आजीच्या मांडीवरचा पुष्पगुच्छ परत मागावा की काय असा विचार केला, पण आजी त्यातली फुलं सारखी करत होती. त्याने दोर सोडला. रांगेतून आनंदाची आरोळी उठली आणि वाद तिथेच राहिला. मदतीला माणसं आली, पोती उतरू लागली.

ठकी फलाटावर चढली होती. पहिल्या रांगेतल्या पोत्याचा पट्टा तिने स्वतः सोडला. पोतं तिला हलेना, तेव्हा मिस्त्रीने एक टोक धरलं. बायकोसाठी मागची जागा मोकळी झाली होती. तपासनिसांनी बायकोला हाक मारली, "अगं, ये ना."

"नको," बायको म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मला खालून बघू दे. माझं बोलणं मी विमानतळावर बोलेन." आणि ती आजीशेजारी जाऊन बसली.

ठकीने सीटवरची सांडलेली वाळू झटकली आणि बसली. दांडा खाली आला. गाडी सुरू झाली आणि खडखड करत चढाला लागली. 

"बाबा," ठकी म्हणाली, "घरी का नाही म्हणालात?"

"तू थांबली असतीस म्हणून."

 साखळीचा आवाज चालू होता. ठकीने त्यांचा हात धरला, घट्ट धरला. "मी जाणार आहे, बाबा," ती म्हणाली. 

"माहीत आहे मला."

"मग आता?"

"आता काही नाही. जा तू. मला फक्त एकदा म्हणून घ्यायचं होतं." तपासनिसांना स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं, कारण तो ठीक होता आणि बोललेलं खरंही होतं, बहुतेक सगळं. "तू गेलीस की मला फार सुनं सुनं होणार आहे, ठके."

"मलाही," ठकी म्हणाली. ती रडत होती आणि नाक पुसायला हात सोडवत नव्हती.

तेवढ्यात शेंडा आला. त्यापुढे दोघंही इतके ओरडले, की कोण काय ओरडतंय ते खाली कोणालाच कळलं नाही.